सात क्रमांक, तिसरी फेरी

शनिवार, १८ फेब्रुवारी २००६. सकाळी अकरा वाजून सेहेचाळीस मिनिटं आणि बारा सेकंदांनी सात क्रमांकाच्या मुलीने जोशीमठजवळच्या औलीच्या उतारावरची समाप्तीरेषा ओलांडली. दहा किलोमीटर, चार फेऱ्या, सदतीस मिनिटं बारा सेकंद. दुसऱ्या आलेल्या मुलीपेक्षा अठ्ठेचाळीस सेकंद कमी. ही वेळ अधिकृत कागदावरची आहे. मी ती शर्यत संपताना पाहिली नाही. माझी नेमणूक सव्वा किलोमीटर वर, वळणाच्या खांबाशी, एका लोखंडी खुर्चीवर होती.

सात क्रमांक म्हणजे वैजयंता गावडे. चंदगड तालुक्यातली, वय पंचवीस, क्रॉसकंट्री स्कीइंगमध्ये चार वेळा राष्ट्रीय विजेती. उतारावरून झोकात घसरत येणारं स्कीइंग लोकांनी सिनेमात पाहिलेलं असतं. हा प्रकार तसा नाही. यात चढ, सपाटी, उतार, सगळं आपल्याच पायांनी आणि दोन काठ्यांनी मागे टाकायचं असतं. लांब पल्ल्याचं धावणंच ते, फक्त पायाखाली बर्फ आणि पायांत दोन लांब पट्ट्या.

कॉलेजात असताना ती एनसीसीच्या शिबिरातून पहिल्यांदा बर्फावर आली, तोवर तिने बर्फ फक्त गोळेवाल्याच्या गाडीवर पाहिला होता. दोन वर्षांत ती देशात पहिली आली. वर्षातले दहा महिने ती चंदगडात; तिथे बर्फ कुठला? गडहिंग्लजला खिडक्यांचे ग्रिल बनवणाऱ्या एका माणसाकडून तिने ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांना चाकं बसवून घेतली होती. त्या पट्ट्या पायांत घालून, हातात काठ्या घेऊन ती हेरे गावावरून तिलारीला जाणाऱ्या रस्त्यावर रोज वीस किलोमीटर जायची. एसटीचे कंडक्टर खिडकीतून ओरडायचे, “बाई, बर्फ हेऱ्याला उतरलंय!” तीही ओरडायची, “मग डबल बेल मारा की, गाठतो त्याला.” कोल्हापूरकडच्या मुलींसारखी ती स्वतःबद्दल ‘आलो, गेलो’ असंच बोलायची.

हे सगळं मला माहीत होतं, कारण ते मीच छापलं होतं. पुण्याच्या एका दैनिकात मी क्रीडा प्रतिनिधी होतो. तिच्यावर तोवर माझ्या सात बातम्या आणि एक रविवारचा लेख आला होता.

त्या दिवशीची शर्यत ही निवड चाचणी होती. पुढच्या जानेवारीतल्या आशियाई हिवाळी स्पर्धेसाठी मुलींमधून एकच जागा होती. पहिली येईल ती जाणार, दुसरीला काही नाही. आशियाई स्पर्धेत खेळलेल्यांना सरकारी नोकरीत थेट घेण्याचा नियम तेव्हा आपल्याकडे होता. आणि बेळगावकडचं एक स्थळ तिच्यासाठी दोनदा थांबलं होतं, तिसऱ्यांदा थांबणार नव्हतं. वडिलांनी तिला सांगितलं होतं की हे वर्ष तुझं, पुढचं आमचं.

सकाळी साडेनऊला मी तिला भेटलो तेव्हा ती विश्रामगृहाच्या मागच्या ओसरीत उकिडवी बसून स्कीच्या तळाला मेण लावत होती. चढावर पाय मागे घसरू नये म्हणून मधल्या भागात चिकट मेण लावतात. ते किती आणि कुठलं, हे त्या दिवशीच्या बर्फावर ठरतं. बाकीच्या मुलींचं हे काम त्यांचे प्रशिक्षक करत होते. वैजयंताचा प्रशिक्षक नव्हता. ती अंगठ्याने मेण पसरत होती.

“भाकरीला पाणी लावल्यागत लावायचं,” ती म्हणाली. “जास्त झालं की चिकाटतंय, कमी झालं की करपतंय.”

मी विचारलं, आज बर्फ कसा आहे. तिने सांगितलं, अकरापर्यंत कडक, मग ऊन लागून मऊ होईल. शेवटच्या दोन फेऱ्या आपल्या असतील.

तेवढ्यात भंडारी आले. निमलष्करी दलातून निवृत्त झालेला, मोजकं बोलणारा माणूस. त्या दिवशीचे ते तांत्रिक प्रमुख होते. वळणाच्या खांबावर बसणारा त्यांचा माणूस तापाने फणफणला होता. दुसरा कोणी शिल्लक नव्हता. भंडारींनी मला विचारलं, वर्तकजी, तुम्ही बसाल का. नाश्त्याच्या वेळी मी त्यांना मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं की एकोणीस वर्षांत माझ्या एकाही बातमीची दुरुस्ती छापावी लागलेली नाही. त्याचाच धागा धरून ते म्हणाले की पत्रकार जन्मभर दुसऱ्यांच्या चुका मोजतो, आज जरा फेऱ्या मोजा. सगळे हसले. मीही हसलो आणि कागद घेतला.

काम सोपं होतं. खांबाच्या अलीकडे शंभर मीटर जाण्याची आणि येण्याची वाट अगदी शेजारी शेजारी होती. कोणी खांबापर्यंत न जाता मधूनच पलीकडच्या वाटेवर पाय टाकला, तर प्रत्येक फेरीत बराच वेळ वाचला असता. म्हणून तिथे माणूस लागायचा. तिथली रीत अशी, की खांबाला वळसा घालताना मुलीने आपला क्रमांक मोठ्याने म्हणायचा, बसलेल्या माणसाने तो उलट म्हणायचा आणि कागदावर त्या फेरीच्या खान्यात खूण करायची. दोन्ही आवाज झाले की फेरी धरली.

मुली सात होत्या. दीड दीड मिनिटाच्या अंतराने सुटल्या. कच्च्या आधी, पक्क्या शेवटी. पाच जणींनंतर सहा क्रमांकाची डोल्कर, लडाखची, एकवीस वर्षांची, वैजयंताला टक्कर देऊ शकणारी एकटीच. तिच्यानंतर अकरा वाजून नऊ मिनिटांनी वैजयंता.

पहिल्या फेरीत सातही जणी माझ्यासमोरून गेल्या. वैजयंता आली ती मान खाली घालून. “सात!” तिने म्हटलं. “सात,” मी म्हटलं. दुसऱ्या फेरीतही सगळ्या गेल्या. या वेळी तिच्या कपाळावरचा घाम भुवयांवर गोठलेला दिसला, आणि “सात!” म्हणताना ती चक्क हसली. तिसऱ्या फेरीत एक क्रमांक अकरा पंचवीसला आली, तिच्या मागून बाकीच्या, अकरा एकतीसनंतर पंधरा सेकंदांनी डोल्कर. चौथ्या फेरीसाठी एक क्रमांक अकरा पस्तीसला आली. त्या फेरीत पुन्हा सातही जणी गेल्या. वैजयंता सगळ्यांत शेवटी गेली. “सात!” “सात.” मी खूण केली, खुर्ची मिटली आणि कागद घेऊन खाली निघालो.

खाली पोचलो तेव्हा निकाल फळ्यावर लागला होता आणि कोणीतरी वैजयंताच्या गळ्यात झेंडूची माळ घातली होती. भंडारींनी माझ्या हातातून कागद घेतला, फळीवर लावला, आणि त्यांचं बोट एका खान्यावर थांबलं. सात क्रमांक, तिसरी फेरी. खाना रिकामा होता.

डोल्करचे प्रशिक्षक नेगी बाजूलाच उभे होते. पंधरा मिनिटांत त्यांची लेखी हरकत आली. खांबावरच्या कागदात खूण नाही. शिवाय वैजयंताच्या इतर फेऱ्या सव्वानऊ मिनिटांच्या वर, आणि तिसरी मात्र नऊ मिनिटं दोन सेकंदांची. त्यांच्या जागी मी असतो तर मीही हरकत घेतली असती. अडीच वाजता तीन सदस्यांची समिती बसेल असं ठरलं.

सव्वादोनला मी विश्रामगृहाच्या मागे उभा होतो. भिंतीला सगळ्यांच्या स्की टेकवून ठेवल्या होत्या आणि त्यांच्यावरून पाणी ठिबकत होतं. वैजयंता चहाचा ग्लास घेऊन आली. माळ तिने काढली होती.

“सर, एक मिनिट. माझा खाना मोकळा हाय म्हणत्यात.”

“हो.”

“मी वळसा घालून गेलो. सात म्हटलो. कोण बोललं न्हाई.”

मी ठिबकणाऱ्या स्कींकडे पाहिलं.

“खुर्ची व्हती,” ती म्हणाली. “तुमी पलीकडं धारेवर व्हतासा. पाठमोरे. फोन कानाला.”

ते खरं होतं. आमच्या सांज आवृत्तीचं पान पावणेबाराला सुटायचं. शर्यत संपणार होती त्यानंतर एका मिनिटाने. अशा वेळी आम्ही विजयाची बातमी आधी सांगून ठेवायचो आणि आकडे मागाहून भरायचो. ही सांज आवृत्तीची नेहमीची पद्धत होती, तिच्यात कोणाला काही वावगं वाटत नसे. पेंडसे, आमचे उपसंपादक, यांनी साडेअकराला फोन कर म्हणून बजावलं होतं. खांबाजवळ मोबाइलला रेंज नव्हती. ती ऐंशी पावलांवर, डोंगराच्या धारेवर मिळत होती. डोल्कर गेली तेव्हा मला सव्वा मिनिट उशीर झालेला होता. वैजयंता मिनिटाभराने येणार हे मला माहीत होतं. धारेवरून खांब दिसेल, खूण नंतर करू, असं मी मनाशी म्हटलं आणि गेलो. वाऱ्याने आवाज फाटत होता म्हणून पाठ फिरवली. दोन मिनिटं मी पेंडशांना बातमी सांगितली. परत आलो तेव्हा खांबापाशी कोणी नव्हतं. आणि लगेच एक क्रमांक चौथ्या फेरीसाठी आली.

खाना मी मुद्दाम रिकामा ठेवला. ती गेली असणार याबद्दल मला शंका नव्हती. पण न पाहिलेल्या गोष्टीची खूण करायची नाही, खाली गेल्यावर भंडारींना समजावून सांगायचं, असं ठरवलं होतं. मग खाली माणसं होती, टाळ्या होत्या, आणि भंडारींनी कागद माझ्या हातातून घेतला.

“भंडारी सर मला इचारले, खांबाला कोण व्हतं,” वैजयंता म्हणाली. “मी म्हटलो, ध्यान न्हवतं. तुमी जागेवर न्हवतासा, हे माझ्या तोंडातनं गेलं तर बरं दिसत न्हाई. तुमीच सांगा. तुमी सांगिटलासा की संपलं.”

“सांगतो,” मी म्हटलं.

तिने चहाचा घोट घेतला. “फोन कुणाचा व्हता?”

“पुण्याला. बातमीचा.”

“मी जिंकलो म्हणून?”

“हो.”

ती हसली. “मग काय भ्या न्हाई,” ती म्हणाली, आणि ग्लास विसळायला गेली.

समिती जेवणघरात बसली. भंडारी मध्ये, दोन्ही बाजूंना एकेक सदस्य, नेगी खिडकीशी, वैजयंता दाराजवळच्या बाकावर. बोलणं हिंदीत होतं. नेगींनी आपलं म्हणणं शांतपणे मांडलं. शेवटी ते म्हणाले की वर्तकजी तर या मुलीच्याच मुलखाचे, तिच्यावर इतकं लिहिणारे. त्यांनीच खूण केलेली नाही, यापेक्षा मोठा पुरावा कुठला? भंडारींनी त्यांना दुजोरा देत माझ्या एकोणीस वर्षांच्या कोऱ्या पाटीचा उल्लेख केला. बाकीच्या दोघांनी माझ्याकडे आदराने पाहिलं.

मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो की त्या क्षणी मी खरं बोललो असतो तर नेगी म्हणाले असते, पहा, आपल्या मुलीला वाचवायला हा गोष्ट रचतो आहे. ते तसं म्हणाले असते, हे शक्य आहे. पण गप्प बसण्याचं कारण ते नव्हतं. समितीतली तीन जवळजवळ अनोळखी माणसं माझ्याकडे आदराने पाहत होती, एवढंच कारण होतं. ती माणसं मला पुन्हा कधी भेटली नाहीत.

भंडारींनी विचारलं, “तिसऱ्या फेरीत सात क्रमांक तुमच्यासमोरून गेली?”

“मी पाहिली नाही.”

“तिने क्रमांक पुकारलेला ऐकला?”

“ऐकला नाही.”

“तुम्ही खांबापाशी होतात?”

“अकरापासून शेवटची मुलगी जाईपर्यंत माझी नेमणूक तिथेच होती.”

ही तीनही वाक्यं तशीच्या तशी छापता आली असती. एकाचीही दुरुस्ती करावी लागली नसती. भंडारींनी कागदावर लिहून घेतलं आणि मोठ्याने वाचलं, “खांबावर हजर होते.” मी ते दुरुस्त केलं नाही.

मग त्यांनी वैजयंताला विचारलं, तुला काही सांगायचं आहे का. ती उभी राहिली. तिला हिंदी चांगलं यायचं. त्या खोलीत मराठी फक्त आम्हा दोघांना येत होतं. ती मराठीत बोलली.

“सर, अजून येळ हाय.”

मी तिच्याकडे पाहिलं नाही. त्यामुळे ती माझ्याकडे पाहत होती की भंडारींकडे, हे मला सांगता येणार नाही.

भंडारींनी मला विचारलं, “क्या कह रही है?”

मी म्हणालो, “तिला काही सांगायचं नाही.”

त्या दिवसभरातलं माझं उघड खोटं वाक्य हे एकच. तिला ते कळलं, कारण मी ते हिंदीत बोललो. तिने समितीला नमस्कार केला, आणि बाहेर गेली. बाहेर ती कोणाशी भांडली नाही. स्की पुसून पिशवीत भरल्या आणि तीनच्या रोपवेने खाली जोशीमठला उतरली. हे मला नेगींनी सांगितलं. ते म्हणाले, मुलगी खानदानी आहे, पकडली गेली तरी तमाशा केला नाही.

पाचला पेंडशांचा फोन आला. सांज आवृत्ती बाजारात जाऊन तीन तास झाले होते. पहिल्या पानावर तिचा फोटो होता, शीर्षक ‘वैजयंताची आशियाई झेप’, खाली माझं नाव. मी त्यांना सांगितलं, बाद झाली, तांत्रिक कारण. ते म्हणाले, “संध्याकाळी जिंकवलीस, सकाळी हरवतोस? वाचकांना काय सांगू, मधल्या वेळात बर्फ वितळला म्हणून?” मग त्यांनी नऊ ओळींची जागा दिली. मी नऊ ओळी सांगितल्या. त्यात एकही चूक नव्हती. सांज आवृत्तीची दुरुस्ती छापली नाही. नवी बातमी दिली की जुनीची दुरुस्ती द्यावी लागत नाही, अशी आमच्याकडे पद्धत होती. माझी पाटी कोरीच राहिली.

डोल्कर आशियाई स्पर्धेला गेली. तिचा यात काही दोष नाही. वाट तोडल्याच्या ठपक्यावरून संघटनेने वैजयंतावर दोन वर्षांची बंदी घातली. २००९मध्ये ती एकदाच परत उतरली, अठ्ठावीस वर्षांची, आणि तिसरी आली. त्यानंतरच्या कुठल्याही यादीत तिचं नाव नाही. मी दर वर्षी याद्या पाहत असे. तिचं लग्न त्याच वर्षी झालं असं मला एकाने सांगितलं, मोडलं असं दुसऱ्याने. चंदगडात आमच्या दैनिकाचा वार्ताहर होता. एक फोन केला असता तर कळलं असतं. मी तो केला नाही. त्या काळात मी एका आमदाराच्या, कुमार गटात खेळणाऱ्या भाच्याचा जन्मदाखला पडताळायला तीन दिवस नगर जिल्ह्यात राहिलो होतो.

२०१९मध्ये मी निवृत्त झालो. निरोपाच्या भाषणात माझ्या बातमीची एकही दुरुस्ती छापावी लागली नाही, याचा उल्लेख संपादकांनी केलाच. मी आभार मानले आणि पेढा खाल्ला.

या वर्षी एप्रिलमध्ये मी दोन पानांचं निवेदन लिहिलं. वेळा, अंतरं, फोन कोणाला केला, किती मिनिटं, समितीपुढे काय म्हणालो, भाषांतर काय केलं. कारणं लिहिली नाहीत. नोटरीसमोर सही केली आणि संघटनेकडे पाठवलं. मधल्या काळात संघटनेचे दोन गट झाले आहेत. एका गटाने कळवलं की २००६चं दप्तर दुसऱ्याकडे आहे. दुसऱ्याने फक्त पोच दिली.

वैजयंताचा पत्ता शोधायला मला वीस मिनिटं लागली. ती चंदगडजवळच्या एका हायस्कुलात मानधनावर खेळ शिकवते. निवेदनाची प्रत मी तिला रजिस्टरने पाठवली. सोबत एक ओळ लिहायला घेतली, चारदा फाडली, आणि शेवटी नुसती प्रतच घातली. आठ दिवसांत पोचपावती आली नाही, म्हणून मी तिथल्या शाखा डाकघरात फोन केला. पोस्टमास्तरांनी ओळखीच्या माणसाशी बोलावं तसं सांगितलं.

“व्हय, मीच दिलो. बाई मैदानावर हुत्या. पाठवणाऱ्याचं नाव वाचून दाखवलो. सही केल्या.”

“पाकीट फोडलं का?”

“माझ्यासमोर न्हाई. दुमडून ट्रॅकसूटच्या खिशात घातल्या.”

“काही बोलल्या?”

“इचारल्या, ह्याला उत्तर द्यायची शेवटची तारीख असती काय? मी म्हटलो, रजिस्टरला तसलं काय नसतंय, बाई.”

त्याला आज सव्वीस दिवस झाले.